मुंबई परिसरातील धम्मयात्रा : सोपारा, कान्हेरी, कोंडिवटे आणि बाबासाहेबांची मुंबई

दरवर्षी आपल्या वस्त्यांमधून बसगाड्या निघतात. दीक्षाभूमी, महू, बोधगया, सारनाथ, अजिंठा-वेरूळ. त्या निघायलाच हव्यात. पण बोरिवली, अंधेरी, नालासोपारा, विरार, कल्याण या भागांत राहणाऱ्या आपल्या तरुणांना विचारून पाहा की घरापासून तासा-दीड तासावर कोणती बौद्ध स्थळे आहेत. बहुतेकांचे उत्तर कान्हेरीपाशी थांबते. आणि कान्हेरीलाही ते शाळेच्या सहलीत गेलेले असतात. आठवण विचारली तर माकडांनी डबा पळवल्याची सांगतात.

मुंबई, ठाणे आणि वसई हा सगळा पट्टा म्हणजे प्राचीन अपरान्त. सम्राट अशोकाच्या काळात तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर धम्मप्रचारासाठी जे भिक्खू वेगवेगळ्या प्रदेशांत पाठवले गेले, त्यांपैकी योनक धम्मरक्खित थेर अपरान्तात आले, अशी नोंद महावंसात आहे. म्हणजे आपण ज्या लोकलने कामाला जातो, तिच्या दोन्ही बाजूंना दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध इतिहास पसरलेला आहे. एका दिवसात, थोड्या खर्चात, मुलाबाळांसह पाहता येतील अशा या स्थळांची माहिती इथे देत आहे. सोबत ती कशी पाहावीत, हेही सांगणार आहे, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

सोपारा : अशोकाने यात्रेबद्दल काय सांगितले

सुरुवात सोपाऱ्यापासून करावी. त्याला कारण आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भातेला तलावाजवळ एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतल्या काही ओळी होत्या. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा भाग सापडला. १९५६ हे आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष. हा निव्वळ योगायोग, पण तरुणांना सांगितला की तो लक्षात राहतो.

आता या आठव्या शिलालेखात आहे काय? सोपाऱ्याला फक्त तुकडा मिळाला असला तरी गिरनार, कालसी वगैरे ठिकाणी हा लेख मिळालेला असल्याने त्याचा आशय आपल्याला माहीत आहे. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला निघत. इथे विहार म्हणजे आपले बुद्धविहार नव्हे, तर मौजमजा, शिकार आणि करमणूक. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याने ‘धम्मयात्रा’ सुरू केली. या धम्मयात्रेत काय करायचे, हेही तो सांगतो. श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यायची आणि दान द्यायचे. वृद्धांना भेटायचे, त्यांना मदत करायची. आणि जनपदातल्या लोकांना, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या सामान्य माणसांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे, त्यांना विचारायचे.

गंमत पाहा, या लेखात मंदिर, मूर्ती, नवस यातले काहीच नाही. भेटायची ती माणसे. सहल आणि धम्मयात्रा यांतला फरक सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला आणि त्याचा एक तुकडा नालासोपाऱ्यात निघाला. मुंबईकर बौद्ध तरुणांनी धम्मयात्रेचा अर्थ शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

सोपाऱ्याचे नाव प्राचीन वाङ्मयात सुप्पारक किंवा शूर्पारक असे येते. ते मोठे बंदर होते. तथागतांचा शिष्य पुण्ण हा सुनापरान्ताचा. मज्झिम निकायातल्या पुण्णोवाद सुत्तात त्याचा आणि तथागतांचा संवाद आहे. तिथले लोक कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, मारले तर काय करशील, असे तथागत विचारत जातात आणि पुण्ण न डगमगता उत्तरे देतो. वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याने हे सुत्त एकदा तरी वाचावे. मी तर म्हणेन की सोपाऱ्याला जाताना लोकलमध्येच वाचावे.

प्रत्यक्ष स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. स्टेशनवरून रिक्षा मिळते. स्थानिक लोक त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत असत. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्येच तो खणला तेव्हा आत एक दगडी करंडक मिळाला. त्यात एकात एक ठेवलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांच्या डब्या होत्या. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे समजून भक्तिभावाने जपलेले होते. सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. करंडकाभोवती आठ लहान कांस्यमूर्ती होत्या. त्यांत शाक्यमुनींसह सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय आहेत. या मूर्ती स्तूपापेक्षा बऱ्याच नंतरच्या काळातल्या आहेत. म्हणजे काही शतकांनी कोणीतरी स्तूप उघडून त्या आत ठेवल्या आणि तो पुन्हा बंद केला. एवढा काळ इथे बौद्धांचा राबता होता, याचा हा पुरावा.

या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. अशोकाचा सोपारा शिलालेख फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. त्यामुळे सोपाऱ्याची यात्रा दोन टप्प्यांत करावी. आधी स्तूप, नंतर संग्रहालय. नुसता स्तूप पाहिला तर विटांचा ढीग पाहून आलो, असे मुलांना वाटते.

कान्हेरी : दान कोणी दिले?

कान्हेरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव त्याच्या आत येतात. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून प्रवेशद्वारापर्यंत चालत जाता येते. तिथून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर रस्ता आहे. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे, वेगळे. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. सोमवारी उद्यान बंद असते.

शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल, कृष्णगिरी असे येते. काळ्या पाषाणाचा डोंगर. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमाराला खोदकाम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती होती. जवळजवळ हजार वर्षे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एका डोंगरावर इतका दीर्घ काळ नांदता संघ क्वचितच सापडेल.

बहुतेक लोक लेणे क्रमांक ३, म्हणजे मोठे चैत्यगृह पाहतात, व्हरांड्यातल्या दोन भव्य बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. चैत्यगृह पाहावेच. ते यज्ञ सातकर्णीच्या काळातले आहे आणि त्याचे दाते व्यापारी होते, असे तिथला शिलालेख सांगतो. भव्य मूर्ती मात्र त्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या आहेत. पण कान्हेरीचा खरा जीव वर, पायऱ्या चढून गेल्यावर कळतो.

कान्हेरीत पन्नासहून अधिक वाचता येण्यासारखे शिलालेख आहेत. त्यांतले अनेक एकाच साच्याचे असतात. कोणाचे, कुठल्या गावचे, काय दान. दानासाठी शब्द येतो ‘देयधम’. लेण्यासाठी शब्द येतो ‘लेण’, तोच जो आपण आजही वापरतो. पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढी’. बसण्याच्या बाकासाठी ‘आसनपेढिका’. मराठीची मुळे शोधणाऱ्यांनी हे शब्द आवर्जून पाहावेत.

आणि दाते कोण? कल्याणचा सोनार सामिदत्त एक पोढी देतो. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित आणखी एक पोढी देतो. कल्याणचाच लोहार नंद एक वाट बांधून देतो. चेमुला म्हणजे आजचे चौल, नाशिक, कल्याण, सोपारा अशा गावांची नावे पुन्हा पुन्हा येतात. भिक्खुणी आणि थेरी दान देतात, बहिणी-मुलींची नावे सोबत लिहितात. राजघराणेही आहे. एका पोढीच्या लेखात महाक्षत्रपाची मुलगी आणि वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी यांचा उल्लेख आहे. पण ती पोढी लोहाराच्या वाटेपेक्षा मोठी ठरत नाही. दोघांच्या नोंदी सारख्याच दगडावर, सारख्याच लिपीत आहेत.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला कान्हेरीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पुढच्या काळात कारागीर जातींना ज्या पायरीवर ढकलले गेले, ती पायरी या लेखांत दिसत नाही. माणूस आपला धंदा अभिमानाने सांगतो, गाव सांगतो, दान सांगतो. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. नंद लोहाराची गोष्ट ऐकल्यावर तो म्हणाला, “ताई, म्हणजे त्याने स्वतःच्या कामातनंच दिलं असणार ना?” त्याचे उत्तर शिलालेखात नाही. पण राजे-महाराजांच्या पलीकडे जाऊन असा प्रश्न पडणे, हेच मला हवे होते.

काही लेखांत ‘अक्षयनीवी’चा उल्लेख येतो. म्हणजे मुद्दल तसेच ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवर वगैरे द्यायचे. शेतजमिनीही दान दिलेल्या आहेत. एका लेखात मगलथान गावच्या शेताचा उल्लेख आहे. मगलथान म्हणजे आजचे मागाठाणे. तिथून रोज बस पकडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पाण्याची व्यवस्था पाहायला वेळ ठेवा. जवळपास प्रत्येक लेण्याला आपली पोढी आहे. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी खोदलेल्या पन्हाळींतून तिच्यात येते. आठ महिने कोरड्या असणाऱ्या डोंगरावर शेकडो माणसे कशी राहत होती, याचे उत्तर या पन्हाळींत आहे. मुलांना एकच काम द्या. एका लेण्यासमोर उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याची रेघ वहीत काढा. अर्धा तास सहज जातो आणि कोणी मोबाइल काढत नाही.

पुढे जमेल तेवढे चढत जावे. क्रमांक ११ हे मोठे सभागृह आहे, त्यात दोन लांब दगडी बैठका आहेत. याच डोंगरावर नवव्या शतकातले राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचा शिलाहार सामंत कपर्दी यांच्या काळातले लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या उपासकाने शंभर द्रम्म दान दिल्याची नोंद आहे. क्रमांक ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. असे शिल्प भारतात फार दुर्मीळ. क्रमांक ९० मध्ये संकटात सापडलेल्यांना तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्प आहे, आणि तिथेच पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या सालांत इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी ते कोरले. स्वतःच्या धर्माचे माणूस नसलेलेही हजार वर्षांपूर्वी मुद्दाम चढून येत होते.

सगळ्यात शेवटी निर्वाण वीथी. एका मोठ्या कपारीखाली विटा-दगडांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. कान्हेरीत परिनिर्वाण पावलेल्या थेरांच्या स्मरणार्थ ते उभारले होते. इथे गट थांबवून दोन मिनिटे शांत बसवावे. वंदना घ्यायची तर हळू आवाजात घ्यावी.

आणि हे उद्यान म्हणजे रिकामे जंगल नव्हे. आत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वनहक्क, पाणी, वीज आणि पुनर्वसन हे त्यांचे प्रश्न बरीच वर्षे चालू आहेत. अशोकाच्या शिलालेखातले ‘जनपदातले लोक’ कान्हेरीत कोण, असे विचारले तर मी पाड्यांतल्या लोकांकडे बोट दाखवीन. लेण्यांच्या वाटेवर काकडी, बोरे, करवंदे विकायला बसलेल्या बायकांशी भाव करून पुढे जाण्याऐवजी थांबून बोलले, तर डोंगराबद्दल पुस्तकात नसलेली माहिती मिळते.

कोंडिवटे आणि मागाठाणे

अंधेरी पूर्वेला ज्यांना सगळे महाकाली लेणी म्हणतात, त्यांचे जुने नाव कोंडिवटे. जवळच्या देवळामुळे महाकाली हे नाव पडले आणि रस्त्यालाही तेच मिळाले. आपण बोलताना, लिहिताना, बॅनरवर कोंडिवटे लेणी असे म्हणावे, कंसात हवे तर दुसरे नाव द्यावे. नावे हळूहळू बदलतात आणि नावाबरोबर माहितीही जाते.

इथे १९ लेणी आहेत. एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला ४. खडक ठिसूळ असल्याने झीज खूप आहे. त्यामुळे पहिल्या दृष्टिक्षेपात निराशा होते. पण क्रमांक ९ पाहण्यासाठी तरी जावे. ते चैत्यगृह आहे, पण नेहमीसारखे नाही. आत आयताकृती दालन आणि त्याच्या टोकाला झोपडीसारखी गोल खोली, तिच्यात स्तूप. गोल भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या. बिहारमधल्या बराबर डोंगरातल्या अशोककालीन लेण्यांशी या रचनेचे साम्य आहे. म्हणून ती पश्चिम भारतातल्या आरंभीच्या लेण्यांत गणली जाते. अंधेरी स्टेशनवरून बस मिळते. दोन तासांत सगळे पाहून होते.

मागाठाण्याची लेणी बोरिवली पूर्वेला आहेत आणि चारी बाजूंनी वस्तीने वेढलेली आहेत. साधारण सहाव्या शतकातली. कोरीव तोरणांचे अवशेष अजून ओळखू येतात. कान्हेरीला जे वैभव आणि पहारा मिळतो, त्याचा अंशही यांच्या वाट्याला आलेला नाही. इथे जाताना एक सांगणे आहे. लेण्यांलगत राहणारे लोक आपल्यासारखेच गरीब, कुठून तरी विस्थापित होऊन आलेले आहेत. “तुम्ही आमच्या लेण्यांवर अतिक्रमण केले” म्हणून त्यांच्याशी भांडण करण्याने एकही शिल्प वाचत नाही. त्यांच्या मुलांना सोबत घेऊन लेणे दाखवले तर पुढच्या वेळी तीच मुले राखण करतात. अतिक्रमणाचा जाब विचारायचा तो यंत्रणेला, आणि कागदावर.

भिवंडी तालुक्यात लोनाड इथेही एक लहान बौद्ध लेणे आहे, आत सुंदर शिल्पपट आहे. कल्याण-भिवंडीकडच्या मंडळांनी ते आपल्या यादीत घ्यावे. घारापुरीला लोक शैव लेण्यांसाठी जातात. तिथल्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. गोराईचा पॅगोडा सर्वांना माहीतच आहे आणि तो आपल्या काळातला आहे, म्हणून इथे त्यावर लिहीत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही लेणीही बौद्धच आहेत, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. तिथे आज जी शिल्पे आहेत ती शैव आहेत. तसे सांगायला आपल्याला कमीपणा वाटू नये. पुरावा नसलेला एक दावा आपण केला की पुरावा असलेले दहा दावेही लोक हसण्यावारी नेतात. आपल्याकडे कान्हेरीचे शिलालेख आहेत, सोपाऱ्याचा स्तूप आहे.

बाबासाहेबांची मुंबई

लेण्यांच्या यात्रेला जोडून बाबासाहेबांच्या मुंबईचा एक दिवस ठेवावा. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय तरुणांना मधला धागा दिसत नाही.

चर्नी रोड स्थानकाजवळची बाग हे त्याचे पहिले ठिकाण असावे असे मला वाटते. शाळकरी भीमराव या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. एका सार्वजनिक बागेतल्या बाकावरून सुरू झालेला हा प्रवास नागपूरच्या दीक्षेपर्यंत गेला. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही, ते आपोआप समजतात. आणि उद्या तुमच्या विभागातले मैदान किंवा बाग बिल्डरच्या घशात जात असेल, तर ही गोष्ट सभेत सांगण्यासारखी आहे.

परळची बी.आय.टी. चाळ क्रमांक १. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत कुटुंबासह राहिले. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला इथे आले होते. परदेशी पदव्या, मूकनायक, महाड, गोलमेज परिषद, पुणे करार, हे सगळे या दोन खोल्यांच्या काळातले. ही माणसांची राहती चाळ आहे, हे विसरू नये. चपला काढून, हळू आवाजात, विचारून वर जावे आणि चाळीतल्या वयस्कर मंडळींना भेटावे. वृद्धांना भेटा, असे अशोकाने सांगितले आहेच. तिथून जवळच दामोदर हॉलचा परिसर. ९ मार्च १९२४ च्या सभेत इथेच बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना मांडली गेली आणि २० जुलै १९२४ रोजी ती स्थापन झाली.

दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. तळमजल्यावर स्मारक आहे. फोर्टमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये ते सुरू केले आणि इमारतींना आनंद भवन, बुद्ध भवन अशी नावे दिली. सोपाऱ्याचा शिलालेख पाहायला फोर्टात आलात तर हे चालण्याच्या अंतरावर आहे.

चैत्यभूमीबद्दल वाचकांना मी नव्याने काय सांगणार? ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते तिथल्या स्तूपाचे उद्घाटन झाले. फक्त एवढेच सुचवते की ६ डिसेंबर सोडून एखाद्या साध्या दिवशी, सकाळी, गर्दी नसताना जाऊन पाहा. उत्तरेकडचे तोरण सांचीच्या तोरणासारखे आहे. कान्हेरीचे स्तूप पाहून आलेली मुले चैत्यभूमीच्या घुमटाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, हा माझा अनुभव आहे.

जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

गट वीस-पंचवीस जणांचाच असावा. पन्नास झाले की सहल होते. दोन-दोन जणांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक लेणे वाटून द्यावे. क्रमांक, पोढी आहे का, शिलालेख आहे का, मूर्ती कोणत्या, पडझड कुठे, हे वहीत लिहावे. फोटो तारखेसह जपून ठेवावा. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणचा पुन्हा घ्यावा. ब्राह्मी लिपी शिकवणाऱ्या कार्यशाळा आता मुंबई-पुण्यात होत असतात. गटातल्या दोघांना जरी अक्षरे ओळखता आली तरी पुरे. लेण्यासमोर कोणीतरी “दे-य-ध-म” असे वाचून दाखवले की बाकीच्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

काही गोष्टी आपल्याच लोकांना सांगाव्या लागतात. मूर्तीला हार, कुंकू, चंदन लावू नये. मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांची काजळी दगडावर बसते आणि ती निघत नाही. भिंतीवर नाव लिहू नये, आणि नावाऐवजी ‘जय भीम’ लिहिले तरी तो गुन्हाच ठरतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाखाली संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाच कायदा आपल्या उपयोगाचाही आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. कान्हेरी, कोंडिवटे, सोपारा स्तूप या तिन्ही ठिकाणी तो लागू होतो. नवे बांधकाम दिसले तर फेसबुकवर लाइव्ह जाण्याआधी तारखेचे फोटो काढा, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जी लेणी केंद्राच्या यादीत नाहीत त्यांच्यासाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे आणि अर्ज राज्य पुरातत्त्व विभागाकडे जातो.

कान्हेरीला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचे, पण मुलांना पाण्याची व्यवस्था दाखवायची असेल तर जुलैच्या अखेरीस एकदा न्या. पायऱ्या निसरड्या असतात, ओढ्यात कोणालाही उतरू देऊ नका, पकड असलेले बूट घालायला सांगा. पाण्याच्या बाटल्या आणि डबे पिशवीत बंद ठेवा, माकडे अजूनही तिथेच आहेत. पाऊस थांबल्यावर पन्हाळीतून पोढीत पाणी पडण्याचा आवाज वरच्या लेण्यांपर्यंत ऐकू येतो.